परसात भाड्याचं बिऱ्हाड: काळ्या मातीच्या गावात पाया ते भाडेकरार

आरोग्य केंद्र, मोठी शाळा, बँकेची शाखा, जिनिंग किंवा कोळसा खाण जवळ असलेल्या गावात जून उजाडला की एकच विचारणा फिरते, दोन खोल्या आहेत का कुठं? बदलून आलेली नर्स, नवा शिक्षक, वायरमन, खाणीत ठेकेदाराकडे लागलेला पोरगा, सगळे खोली शोधत असतात. आणि बहुतेक घरांमागे जागा पडून असते: मोडकळीला आलेला कोठा, कुटार, पऱ्हाट्यांची गंजी, एखादं कडूलिंबाचं झाड. वऱ्हाडात तिला परसदार म्हणा की झाडीपट्टीत सांदवाडी, एक बिऱ्हाड राहील एवढं बांधकाम तिथं बसतं. भाड्याने दिलं तर महिन्याची आवक, आणि उद्या मुलाचा संसार वेगळा मांडायचा झाला तर नवा प्लॉट घ्यायला नको.

पण विदर्भात हे काम दोन गोष्टींवर अडतं, कागद आणि काळी माती. रंग, टाइल्स, दरवाजा चुकला तर बदलता येतो. पाया चुकला तर बदलता येत नाही. म्हणून या लेखात त्या भागावर जास्त शाई खर्च केली आहे.

१. आधी भाडेकरू, मग विटा

गावात आज किती माणसं भाड्याने राहतात, किती भाडं देतात आणि कशामुळे खोली सोडतात, हे चार-पाच जणांना विचारा. सोडण्याची कारणं बहुधा ठरलेली असतात: संडास सामाईक, पाणी नाही, उन्हाळ्यात खोलीत बसवत नाही, घरमालकाच्या अंगणातूनच ये-जा. म्हणजे काय बांधायचं ते भाडेकरूच सांगून ठेवतात.

आता गणित. समजा बांधकामाला ४ लाख लागले आणि भाडं २,५०० ठरलं. वर्षात दोन महिने खोली रिकामी जाईल असं धरा, म्हणजे हाती २५,०००. घरपट्टी आणि किरकोळ दुरुस्तीला ३,००० काढले तर उरले २२,०००. पैसे फिटायला १८ वर्षं. हा आकडा पाहून घाबरू नका, पण तो पाहिल्याशिवाय कर्जही काढू नका. सावकाराकडून शेकडा तीनने एक लाख उचलले तर व्याजच महिन्याला ३,००० होतं, खोलीच्या भाड्याहून जास्त. पीककर्जाची रक्कमही इकडे वळवू नका, जूनमध्ये बियाण्याला हात रिकामे राहतात. स्वतःचे पैसे जमतील तसं टप्प्याने बांधा. पाया एका वर्षी आणि भिंती पुढच्या वर्षी असं केलं तरी चालतं, फक्त उघडा पाया पावसाळ्यापूर्वी प्लिंथपर्यंत (जोत्यापर्यंत) भरून घ्या.

वेळापत्रक उलटं मोजा. विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात. तोवर खोली तयार हवी तर स्लॅब एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात आणि पाया फेब्रुवारीत पडला पाहिजे. कापूस वेचणी आटोपल्यावर मजूर मोकळे होतात. गडचिरोली, गोंदिया, भंडाऱ्याकडे मात्र मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल आणि मे महिन्यात तेंदूपत्ता सुरू झाला की मिस्त्रीच्या हाताखाली माणूस उरत नाही. तिथं हिशेब महिनाभर आधीचा ठेवा.

२. जागा नेमकी कुणाच्या नावावर आहे?

इथं एक घोटाळा नेहमी होतो. "आठचा उतारा आणा" असं कुणी सांगितलं तर आधी विचारा, कोणता? ग्रामपंचायतीचा नमुना ८ म्हणजे घराची कर आकारणी. पटवाऱ्याकडचा गाव नमुना ८-अ म्हणजे शेतजमिनीचा खाते उतारा. (पटवारी म्हणजे तलाठी, आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी आहे.) दोन्ही वेगळे. शिवाय ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर कोण भरतो ते दाखवतो, मालकी सिद्ध करायला तो एकटा पुरत नाही.

जागेचे साधारण चार प्रकार पडतात.

गावठाणातलं परस सगळ्यात सोपं. स्वामित्व योजनेत (२४ एप्रिल २०२० पासून) ड्रोनने मोजणी झालेल्या गावात मालमत्ता पत्रक मिळतं, ते भूमी अभिलेख कार्यालयातून काढून घ्या. त्यातलं क्षेत्र आणि प्रत्यक्ष कुंपण जुळतं का ते टेपने मोजा. परस मागच्या बाजूला दोन-चार फूट सरकलेलं असणं ही गावोगावची गोष्ट आहे.

गावठाणाला लागून असलेलं शेत असेल तर अकृषक (शेतीव्यतिरिक्त) वापराचा नियम पाहावा लागतो. हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीसाठी निवासी वापराची वाट सोपी आहे; आज काय भरायचं आणि कोणता कागद घ्यायचा ते तहसील कार्यालयात विचारा.

सातबाऱ्यावर "भोगवटादार वर्ग २" दिसलं तर थांबा. त्या जमिनीवर सरकारी अटी असतात, आधी तहसीलमध्ये लेखी विचारणा करा.

गायरान किंवा ई-क्लासवर (सरकारी जमिनीवर) घर असेल तर मागे वाढवू नका. आधीच्या अतिक्रमणात भर पडते आणि उद्या नियमानुकूल करायची वेळ आली की तीच भर आडवी येते.

यातली कोणतीही जागा वडिलोपार्जित असेल तर वारस नोंद आणि भावा-बहिणींची संमती आधीच कागदावर घ्या. तोंडी वाटणी खोली बांधेपर्यंत टिकते; भाडं सुरू झालं की हिस्सा आठवतो.

घरकुलाचा हप्ता या कामात घालू नका. ते अनुदान कुटुंबाच्या स्वतःच्या राहण्यासाठी आहे, आणि नावावर दुसरं पक्कं घर चढलं की पुढच्या यादीत अडचण येते.

३. ग्रामपंचायतीची परवानगी

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ५२ प्रमाणे बांधकामाला ग्रामपंचायतीची आगाऊ परवानगी लागते. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीनंतर लहान घरांसाठी वाट सोपी झाली आहे. नकाशा नियमाप्रमाणे असल्याचं परवानाधारक अभियंत्याचं प्रमाणपत्र हा त्यातला मुख्य कागद. त्याची फी वाचवू नका, हाच माणूस पुढे पायाची खोलीही सांगणार आहे.

सोबत लागणारे कागद:

- मालमत्ता पत्रक, अकृषक वापराची सनद किंवा खरेदीखत
- ग्रामपंचायत नमुना ८ आणि चालू वर्षाची घरपट्टी-पाणीपट्टीची पावती
- जागेचा नकाशा (जुनं घर, विहीर, रस्ता दाखवलेला) आणि नव्या बांधकामाचा नकाशा
- अभियंत्याचं प्रमाणपत्र
- सहहिस्सेदारांचं संमतीपत्र
- आधार आणि फोटो

अर्जाची दुसरी प्रत ठेवा आणि तिच्यावर आवक क्रमांक व तारखेचा शिक्का घ्या. "देऊन ठेवा, बघतो" म्हणून घेतलेल्या अर्जाला पुरावा नसतो.

शेजाऱ्याच्या बाजूने किमान ३ फूट सोडा. छताचं पाणी त्याच्या आवारात पडलं की भांडण ठरलेलं. वरून वीजतार जात असेल तर घरगुती लाइनपासून आडवं १.२ मीटर आणि उभं २.५ मीटर, ११ केव्ही लाइनपासून आडवं १.२ आणि उभं ३.७ मीटर अंतर राहिलंच पाहिजे. स्लॅबवर सळाख उचलताना होणारे अपघात हे अंतर न पाहिल्यामुळेच होतात.

४. नकाशा छोटा ठेवा

बाहेरून २० फूट ३ इंच बाय १३ फूट ६ इंच, म्हणजे २७३ चौरस फूट. आत १० बाय १२ ची खोली. शेजारी ८ फूट रुंदीच्या पट्ट्यात साडेसात फूट लांबीचं स्वयंपाकघर आणि त्यामागे ८ बाय ४ चं संडास-न्हाणी. एवढ्यात नवरा-बायको आणि एक मूल नीट राहतं. पुढची सगळी मोजमापं याच नकाशाची आहेत.

संडास-न्हाणी पश्चिमेला टाका. दुपारचं ऊन ती भिंत खाते, खोली वाचते. खिडक्या उत्तर-दक्षिण. ये-जा स्वतंत्र बोळीतून, किमान ४ फूट रुंद, म्हणजे मोटारसायकल आत येते.

५. माती ओळखा, मग पाया ठरवा

काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात ना, तीच हालचाल घराखालीही चालू असते. बाहेरच्या कडेची माती पावसात भिजते, मधली कोरडी राहते. कड वर उचलली जाते, मध्य तिथंच राहतो, आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते. मिस्त्री तिला "प्लास्टरचं तडकणं" म्हणतो. प्लास्टरची भेग केसासारखी आणि कुठंही असते. पायाची भेग कोपऱ्यातून तिरपी निघते, पावसाळ्यात मिटते आणि उन्हाळ्यात उघडते.

दोन जागी ५-६ फूट खोल खड्डा घ्या आणि काळी माती कुठं संपून मुरूम कुठं लागतो ते मोजा. मातीचा फुगवटा घरीही कळतो. माती वाळवून, कुटून, बारीक चाळणीने चाळा. दोन सारख्या उभ्या बाटल्यांत समान माती घाला, एकीत पाणी आणि दुसरीत रॉकेल. ढवळून २४ तास ठेवा. रॉकेलात माती फुगत नाही. पाण्यातल्या मातीची उंची रॉकेलातल्यापेक्षा दीडपट किंवा जास्त झाली तर ही माती जोरकस फुगणारी आहे, पायात काटकसर चालणार नाही.

काळी माती ३-४ फुटांत संपत असेल तर सगळी ओलांडून पाया मुरुमात किमान १ फूट उतरवा, आणि वर सलग काँक्रीटचा प्लिंथ बीम बांधा.

माती त्याहून बरीच खोल असेल तर अंडर-रीम पाइल हा बरा उपाय. १२ इंच व्यासाचं भोक साधारण साडेतीन मीटर खोल घेतात आणि तळाशी व्यासाच्या अडीचपट, म्हणजे ३० इंचांचा फुगा काढतात. एवढ्या खोलीवर ओल वर्षभर फारशी बदलत नाही, म्हणून तो फुगा घराला धरून ठेवतो. पाइलची जागा, संख्या आणि सळाख अभियंत्यानेच ठरवायची. तुम्ही लक्ष ठेवायचं ते एका गोष्टीवर: पाइलवरच्या बीमखाली आणि मातीत किमान ८० मिमी, म्हणजे सव्वातीन इंच पोकळी राहिली पाहिजे. माती फुगली की या पोकळीत येते. ती "मोकळी दिसते" म्हणून मजूर माती ठासून भरतात आणि मग तीच माती बीमला वर ढकलते. बीम भरण्याच्या दिवशी स्वतः हजर राहा.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक यापुढची आहे. पाया खोदून निघालेली काळी माती बाजूला पडलेली असते, फुकट असते, म्हणून तीच प्लिंथमध्ये भरतात. दुसऱ्या पावसाळ्यात फरशी मधून उचलते आणि टाइल्स पटापट सुटतात. खोदलेली माती शेतात टाका. प्लिंथ जमिनीपासून २ फूट घ्या आणि आत मुरूमच भरा. या नकाशाला दबून बसण्याचा हिशेब धरून सुमारे साडेचार ब्रास मुरूम लागतो. सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थरावर पाणी आणि धुम्मस. एकदम दोन फूट भरून वरून पाणी सोडणं म्हणजे भराई नव्हे, ती नंतर बसतेच.

भराईनंतर उधईचं औषध. क्लोरपायरीफॉस २० टक्के असेल तर १ लिटर औषधाला १९ लिटर पाणी, आणि हे मिश्रण चौरस मीटरला ५ लिटर. इथल्या आतल्या २० चौरस मीटरला १०० लिटर मिश्रण, म्हणजे औषध ५ लिटर. कपाशीवर फवारताना जी काळजी घ्यायला हवी तीच इथंही: हातमोजे, मास्क, वाऱ्याकडे पाठ. विहिरीलगत टाकू नका.

घराभोवती ३ फूट रुंद फरसबंदी करा: खाली मुरूम, त्यावर जाड प्लास्टिकचा कागद, वर ३ इंच काँक्रीट, उतार बाहेर. पायाची ओल उन्हाळ्या-पावसाळ्यात सारखी ठेवणं एवढंच तिचं काम, पण भिंतीच्या बऱ्याच भेगा तिच्यामुळे टळतात. परसातलं कडूलिंब किंवा बाभूळ पायाला खेटून असेल तर त्याच्या मुळ्या एका बाजूची ओल ओढतात. झाडाच्या उंचीएवढं अंतर ठेवता येत नसेल तर खोलीची जागा सरकवा.

६. साहित्य मोजून घ्या

रेती ब्रासवर मिळते, ब्रास म्हणजे १०० घनफूट. ट्रॉली आली की टेप लावा: १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि दीड फूट भरलेली असेल तर ९० घनफूट झाले, ब्रास नाही. ओली रेती फुगलेली असते, पाव हिश्शापर्यंत जास्त दिसते. वाहतुकीचा परवाना आणि रॉयल्टीची पावती मागा. ती नसलेली ट्रॉली तुमच्या दारात पकडली गेली तर काम तिथंच थांबतं.

गाळाची परीक्षा: काचेच्या बाटलीत निम्मी रेती, वर पाणी, चिमूटभर मीठ. हलवून तीन तास ठेवा. खाली रेती बसते, वर गाळाचा थर. १० सेंटिमीटर रेतीवर ८ मिलिमीटरपेक्षा जाड गाळ दिसला तर ती ट्रॉली परत.

विटा दोन एकमेकींवर आपटून पाहा, खणखणीत आवाज हवा. कोरडी वीट तोला, २४ तास पाण्यात ठेवा, पुन्हा तोला. ३ किलोची वीट ३.६ किलोच्या वर गेली तर ती कच्ची. कोराडी, चंद्रपूर, पारसच्या वीज केंद्रांजवळच्या भागात राखेच्या विटाही सहज मिळतात. आकार एकसारखा असल्याने प्लास्टर कमी लागतं, पण ताज्या विटा घेऊ नका, पाणी मारून पुऱ्या पिकलेल्या घ्या. नऊ इंची भिंतींना सात हजारांच्या आसपास विटा लागतात, प्लिंथच्या वेगळ्या.

सळाख वजनावर घेता तेव्हा नगही मोजा. ४० फुटी ८ मिमीची सळाख ४.७ किलो, १० मिमीची ७.४ आणि १२ मिमीची १०.६ किलो भरली पाहिजे.

पाण्याचं वेगळं सांगावं लागतं. अकोला, अमरावती, बुलडाण्यातल्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी काँक्रीटला वापरू नका. सळाख असलेल्या काँक्रीटच्या पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत हवं, नाहीतर सळाख आतून गंजते, फुगते आणि चार-पाच वर्षांत स्लॅबचे पोपडे पडतात. टँकर महाग वाटतो, पण स्लॅब आणि बीमपुरता तरी गोड्या पाण्याचाच आणा. पाणी मारायलाही खारं नको.

७. भिंती

सिमेंट-रेतीचं प्रमाण नऊ इंची भिंतीला १:६, साडेचार इंचीला १:४. विटा आदल्या रात्री भिजवा, दिवसाला ५ फुटांपेक्षा उंच चढू नका. खिडक्या-दारांवरचं लिंटेल तुकड्यातुकड्याने न टाकता सगळ्या भिंतींवर सलग फिरवा. काळ्या मातीत हा पट्टा घराला कमरेसारखा बांधून ठेवतो. बाकी मिस्त्रीला कळतं.

८. छत आणि ऊन

टिनाचं छत स्वस्त पडतं, आणि मे महिन्यात भाडेकरू त्याच कारणाने सोडून जातो. पारा ४५ वर गेला की टिनाखाली दुपारी बसणं अशक्य. टिनच टाकायचं असेल तर उंची ११ फूट, खाली तट्ट्यांचं किंवा बोर्डाचं आतलं छत, आणि अँगल भिंतीत काँक्रीटने पक्के. अवकाळीची वावटळ सैल टिन उचलूनच नेते. पैसे थोडे जास्त लागले तरी स्लॅब घाला.

एक फूट छज्जा धरून स्लॅब ३४५ चौरस फुटांचा होतो. ५ इंच जाडीला सिमेंट ३३-३४ पोती, रेती पाऊण ब्रास, गिट्टी दीड ब्रासच्या आत, सळाख सव्वादोन ते अडीच क्विंटल (बीमची वेगळी). प्रमाण १:१॥:३. घमेल्याने मोजू नका, प्रत्येक घमेलं वेगळं भरतं. सव्वा घनफुटाचा लाकडी फर्मा करून घ्या, सिमेंटचं एक पोतं तेवढंच असतं: १ पोतं, दीड फर्मा रेती, ३ फर्मे गिट्टी आणि पाणी जास्तीत जास्त ३० लिटर. ओली रेती असेल तर पाणी त्याहून कमी.

पाण्यावरून वाद हमखास होतो. पातळ माल वाहून न्यायला सोपा म्हणून मजूर बादल्या ओततात. पोत्याला १० लिटर जास्त गेलं की ताकद भराभर उतरते. सळाखेखाली पाऊण इंचाचे सिमेंटचे ठोकळे ठेवा, गिट्टीचे खडे नकोत, ते सरकतात. चालताना वाकलेल्या सळाखा माल ओतण्यापूर्वी पुन्हा उचलून घ्या. व्हायब्रेटर भाड्याने आणाच, आणि तो सुरू होतो का ते आदल्या दिवशी बघा.

काम पहाटे सुरू करून ११ च्या आत संपवा. ४० अंशांवर ओतलेला माल वरून आधी सुकतो आणि जाळीसारख्या भेगा पडतात. वरचं पाणी उडालं की लगेच ओलं पोतडं झाका. दुसऱ्या दिवशी मातीची आळी करून २ इंच पाणी भरा, १४ दिवस. दुपारी आळं कोरडं दिसलं तर तो दिवस मोजू नका. टेकू १४ दिवसांनी काढा. ठेकेदाराला सेंट्रिंग दुसऱ्या कामावर न्यायची घाई असते, तुम्हाला नाही.

स्लॅबला उतार एकाच बाजूला द्या आणि ४ इंची पाइप काढा, पण त्याचं पाणी पायाशी नको, फरसबंदीच्या पलीकडे सोडा. वर पांढऱ्या चुन्याचे दोन-तीन हात दरवर्षी मार्चमध्ये मारले की खोलीतला उकाडा जाणवण्याइतका उतरतो.

कुलरचा विचार नकाशातच करा. खोलीच्या एका खिडकीत कुलरच्या तोंडाएवढी जाळीची मोकळी चौकट, बाहेर लोखंडी स्टँडसाठी भिंतीत दोन अँगल, जवळ पाण्याचा नळ. आणि समोरच्या भिंतीत हवा बाहेर जायला वाट. ही वाट नसेल तर कुलर खोलीत नुसती ओल भरतो, अंग चिकट होतं, आणि भाडेकरू कुलरला दोष देतो.

९. संडास आणि सांडपाणी

दोन शोषखड्ड्यांचा संडास मुरुमाच्या जमिनीत उत्तम: ५ माणसांना प्रत्येकी १ मीटर व्यास, १ मीटर खोल, दोन खड्ड्यांत १ मीटर अंतर, मध्ये वाय-चेंबर, एका वेळी एकच खड्डा चालू. काळ्या मातीत मात्र पाणी जिरत नाही. पावसाळ्यात खड्डा तुंबून उलटा येतो. तिथं सेप्टिक टाकी बांधा, ५ माणसांना आतून १.५ मीटर लांब, ०.७५ मीटर रुंद आणि पाण्याची खोली १ मीटर, वर जाळी लावलेला वाफेचा पाइप. तिचं बाहेर पडणारं पाणी मुरुमापर्यंत खोदलेल्या शोषखड्ड्यात न्या. हा खड्डा विहिरीपासून शक्य तेवढा लांब, निदान १८ मीटरवर हवा. आणि टाकी उपसायला माणूस आत उतरवू नका. २०१३ च्या कायद्याने तो गुन्हा आहे, आतल्या वायूने दोन मिनिटांत जीव जातो. उपसायचं ते यंत्राच्या गाडीनेच.

न्हाणी-मोरीच्या तोंडाला जाळी लावा. नाहीतर पावसाळ्यात विंचू-सापाची वाट तीच. पाण्यासाठी ५०० लिटरची टाकी आणि स्वतंत्र व्हॉल्व्ह पुरतो.

१०. वीज

महावितरणकडून खोलीसाठी स्वतंत्र मीटर घ्या. घरगुती दर युनिटांच्या टप्प्यांनी वाढतो, १०० च्या पुढे तो चढतो. एकाच मीटरवर दोन बिऱ्हाडं चालली की दोघांचंही बिल वरच्या टप्प्यात जातं. तात्पुरता सब-मीटर लावला तर बिलाप्रमाणेच पैसे घ्या, वरचढ दर लावून वीज विकणं कायद्यात बसत नाही.

लाइटला १.५ आणि कुलर-पंपाच्या पॉइंटला २.५ चौरस मिमीची तार, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच), आणि खरं अर्थिंग: अडीच मीटर जस्ताचा पाइप, भोवती मीठ-कोळसा. लोखंडी कुलर, ओली फरशी आणि दोन पिनांचा प्लग, विदर्भातल्या उन्हाळ्यातले शॉक बहुतेक याच मेळाने लागतात.

११. नोंद, करार, भाडेकरू

काम पूर्ण झालं की ग्रामपंचायतीत अर्ज देऊन नव्या बांधकामाची नमुना ८ ला नोंद करून घ्या. घरपट्टी वाढेल म्हणून टाळाटाळ करू नका. वीज जोडणीला आणि पुढे कर्जाला हाच कागद लागतो.

करार ११ महिन्यांचा, लिव्ह अँड लायसन्सचा, आणि नोंदवलेला. मुदतीचं एकूण भाडं आणि ठेवीवर वर्षाला १० टक्के धरून येणारी रक्कम, या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क. ग्रामीण भागात नोंदणी फी ५०० रुपये. ओळखीचा आहे म्हणून साध्या कागदावर लिहून घेतलेला करार वाद झाला की कामी येत नाही. भाडेकरूचं आधार, नोकरीच्या ठिकाणचा पुरावा आणि फोटो घ्या, त्याची माहिती पोलीस ठाण्यात द्या. करारात वीज-पाण्याचं बिल कोण भरणार, रंग कुणी द्यायचा, खोली सोडण्याची सूचना किती दिवसांची, हे लिहा. किल्ली देताना मीटरचा आकडा दोघांच्या सहीने टिपून ठेवा.

एक खास इथला सापळा. शिक्षक, ग्रामसेवक, आरोग्य कर्मचारी यांना मुख्यालयी राहण्याची अट असते, त्यामुळे "राहणार नाही, पण भाडेपावती द्या" अशी मागणी येते. देऊ नका. चौकशी झाली की खोटी पावती देणारा म्हणून तुमचं नाव येतं, आणि खोली तर रिकामीच असते.

मिळालेलं भाडं उत्पन्नात दाखवावं लागतं. घरपट्टी वजा करून उरलेल्या भाड्यातून देखभालीपोटी ३० टक्के सरसकट वजावट मिळते, खर्चाच्या पावत्या मागत नाहीत.

१२. मृगाआधीची फेरी

दरवर्षी मे अखेरीस एक सकाळ काढा. फरसबंदी आणि भिंत यांच्यातली फट डांबर किंवा सिमेंटने भरा, स्लॅबवरचा पालापाचोळा काढून पाइप मोकळा करा, कुलरचं पाणी पायाशी मुरतंय का ते बघा. खिडकीच्या कोपऱ्यात तिरपी भेग दिसली तर तिच्यावर आडवी काचेची पट्टी सिमेंटने चिकटवून तारीख लिहा. पट्टी पावसाळाभर शाबूत राहिली तर भेग जुनी, बुजवून टाका. पट्टी तडकली तर पाया अजून हलतोय. रंगारी नको, अभियंत्याला बोलवा.